करंजवाडीची सावड

आणून टाकायचं आणि निघून जायचं, ही आमच्या प्रल्हादची लहानपणापासूनची खोड. शाळेतून आला की दप्तर उंबऱ्यात, चिखलाच्या चपला ओट्यावर, आणि स्वतः पसार. पुढे शिकला, शास्त्रज्ञ झाला, पुण्याच्या संस्थेत त्याच्या नावाची पाटी लागली, खोड तीच. त्या वैशाखात त्याने जीप दारात उभी केली, इंजिनसुद्धा बंद केलं नाही. आधी तीन जुनेपाने कॉम्प्युटर उतरवले, मग तारांची भेंडोळी, लोखंडी पाइप, आणि सगळ्यात शेवटी एक मुलगी.

"आई, ही वृषाली लोहार. माझ्याकडे पीएच.डी. करते. पावसाळाभर इथंच राहील."

"अन् हे भंगार?"

"भंगार नाही गं. बँकेनं काढून टाकलेले कॉम्प्युटर आहेत. चालतात."

"बँकेनं टाकलं ते भंगार न्हाई, मग काय रुखवत हाय?"

मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. प्रल्हाद नाही हसला. त्याने वर डोंगराकडे बोट केलं. "ती भेग किती सरकते, ते याच्यावर मोजणार आहोत. चांगल्या मशीनला मंजुरी मिळाली नाही. आहे त्यात भागवायचं."

आदल्या पावसात भैरोबाच्या डोंगराला वरच्या अंगाला भेग पडली होती. आधी हात जाईल एवढी. दिवाळीत शेलारांचं रेडकू तिच्यात पाय अडकून पडलं. तलाठी येऊन फोटो काढून गेला, आणि फोटो निघाल्यावर भेग बुजल्यासारखे सगळे गप्प बसले. डोंगर एकच, या अंगाला आमचा मोरदरा, त्या अंगाला करंजवाडी, मधे ओढा. डोंगर निघाला असता तर त्याने आमचं गाव आणि त्यांची वाडी असा भेद केला नसता.

"च्या तरी घे," मी म्हटलं.

"उशीर होतोय. मीटिंग आहे."

गेला. धुरळा खाली बसेपर्यंत ती मुलगी पाइपांच्या ढिगाशेजारी उभी होती, कुणीतरी विसरून गेल्यासारखी.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"नाही काकू."

"मग हुबी काय ऱ्हायलीस? पाइप काय पळून जात न्हाईत."

तिचा बाप कवठ्याला वेल्डिंगचं दुकान चालवायचा. त्यामुळे पोरीला पाइप कसा धरायचा हे कुणी सांगावं लागत नव्हतं. दोन दिवसांत तिने माजघरात कणगीशेजारी फळ्या मारून कॉम्प्युटर मांडले, एकाचे अवयव दुसऱ्याला लावले, आणि तिन्ही मिळून दोन चालते केले. पडद्यावर एक काळंपांढरं पाखरू आलं.

"ह्यो बदक कशाला?"

"बदक नाही काकू, पेंग्विन. बर्फात राहतो."

"मग हितं कशाला आणलास? उकडून मरंल बिचारा."

मी भाकऱ्या थापत होते आणि ती चुलीपुढे बसून सांगत होती. कॉम्प्युटर चालायला म्हणे आत एक मूळ व्यवस्था लागते. ती नसली तर नुसता पत्र्याचा डबा. बाजारातली व्यवस्था विकत घ्यावी लागते, आणि विकत घेऊनही तिच्या आत डोकावता येत नाही. ही तिची वेगळी, लिनक्स नावाची. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली.

"त्यांना पगार कोण देतं?"

"काहींना मिळतो. पुष्कळांना कुणीच देत नाही."

"मग येडीच म्हणायची."

"वेडी नाहीत काकू. एकजण स्वतःच्या कामासाठी काहीतरी करतो आणि सगळ्यांना देऊन टाकतो. दुसरा ते घेतो, त्यात भर घालतो, तोही देतो. अट एकच. घ्या, वापरा, बदला. पण बदलून पुढं दिलंत तर तेही असंच उघडं द्यायचं. कुलूप घालायचं नाही."

माझा हात परातीत थांबला. "अगं, मग सावड म्हण की!"

तिला सावड ठाऊक नव्हती. दुष्काळी भागातली पोर, भाताची लावणी तिने कुठली बघायला. मी सांगितलं. आज तुमच्या वावरात आम्ही सगळ्या, उद्या आमच्या वावरात तुम्ही सगळ्या. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही. कुणाचं वावर मोठं, कुणाचं टीचभर, मोजायचं नाही. पण ज्याच्याकडून घेतली त्याच्या बांधावर आपण गेलं पाहिजे. प्रल्हादचे वडील ऐन आषाढात गेले, तेव्हा मी अंगणात बसून होते. चिखलणी झालेली, रोपं पिवळी पडायला आलेली. करंजवाडीच्या बाया ओढा ओलांडून आल्या, मला हाकसुद्धा मारली नाही, आणि सगळं वावर लावून ओल्या लुगड्यांनी परत गेल्या. ते भात विकून प्रल्हादला मी तालुक्याच्या बोर्डिंगात घातला.

"सरांनी हे कधी सांगितलं नाही," वृषाली म्हणाली.

"तुझ्या सराला आठवायला तरी सवड पायजे."

ती म्हणाली, "शास्त्राला असं उघडंच लागतं काकू. डोंगर इतका सरकला असं आम्ही सांगणार. तो आकडा कसा आला, हे दुसऱ्या कुणालाही तपासता आलं पाहिजे. बंद पेटीतून आलेला आकडा म्हणजे देवऋषाचं बोलणं. मानायचं तर माना."

"देवऋषी निदान कोंबडं तरी खातो," मी म्हटलं. पण बोलणं मला पटलं होतं.

डोंगरावर पाइप न्यायचे तर माणसं लागणार. आमच्या गावातली निम्मी मुंबईला. मी ओढ्यापलीकडे निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी द्वारका कदम आपली माणसं घेऊन हजर. द्वारका करंजवाडीची थोरली. माझ्याच वयाची, माझ्याहून फाटक्या तोंडाची.

"गजरे, हे कशाचं वझं गं? तुझ्या ल्योकाला डोंगर टोचून बघायचाय व्हय?"

"तुझ्याच डोक्यावर पडायचाय तो. उचल गुमान."

"माझ्या डोक्यावर काय पडून फुटणाराय? फुटला तर डोंगर फुटंल."

त्यांनी आमच्या अंगाला खड्डे खणले, पाइप रोवले, भेगेच्या या काठावरून त्या काठाला तार ताणली. तार ताणली गेली की भेग रुंदावली, आणि ते माजघरात पडद्यावर रेघेने दिसायचं. रेघ वर चढली की भोंग्यातून सूचना. सूचना कुणाच्या आवाजात द्यायची यावर वृषाली म्हणाली, तुमच्याच. तुमची हाक ओढ्यापलीकडं जाते. मग मी त्या यंत्रापुढे ओरडले, "उठा रं! डोंगर निघाला! देवळाच्या माळावर चला, मागं बघू नका!" द्वारका पोट धरून हसत होती. "बया, यमसुदिक पळून जाईल."

पहिली सूचना मात्र भर दुपारी झाली, उघाडीच्या दिवशी. लख्ख ऊन. माझा आवाज गावभर घुमला, लोक जेवत्या ताटावरून उठले, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन माळावर गेले. डोंगर जागच्या जागी. संध्याकाळी द्वारकाने ओढ्यापलीकडून हाक घातली, "गजरे, झोपेत बरळलीस व्हय?"

वृषाली दोन घास जेवली आणि उठली. चूक कुठे आहे ते तिला सापडेना. मग तिने यंत्रासाठी लिहिलेला सगळा प्रोग्रॅम, आकड्यांसकट, जसाच्या तसा इंटरनेटवर जगापुढे मांडला: बघा, आमचं काय चुकतंय. मला हे विचित्रच वाटलं. आपली चूक असली तर माणूस पदराखाली घेतो. ही वेशीवर टांगत होती. पण तिकडे नेपाळात गुरुंग नावाचा एक मास्तर होता, त्याच्याही गावावर असाच डोंगर. त्याने वाचलं आणि कळवलं, पोरी, उन्हाने तुझं मोजमाप सरकतंय, डोंगर नव्हे. तापमान वजा कर. कसं करायचं तेही लिहून दिलं, त्याच उघडं ठेवायच्या अटीवर. वृषालीने ते घेतलं, आणि आमच्या पावसाचा हिशेब मांडायची तिची रीत त्याला पाठवली. तीही त्याने लावली म्हणे.

"ओळख ना पाळख," मी म्हटलं.

"ओळख कशाला हवी काकू? सावडच आहे ना?"

श्रावणात पाऊस लागून राहिला. पहाटे, दिसू लागण्याआधी, माझा आवाज पुन्हा घुमला. गाव निघालं, काही कुरकुरत, काही शिव्या देत. माळावर पोचून पोरं मोजतोय तोवर वरच्या अंगाने कसलातरी गडगडाट आला, आणि वरच्या खाचरांची उतरंड, गुरवाचा गोठा, दोन घरं, सगळं चिखलात खाली गेलं. माणूस एकही गेलं नाही. मी वृषालीकडे बघितलं. ती चिखलात बसून पोरं पुन्हा मोजत होती.

दुपारपर्यंत द्वारका आमच्या गावापुरत्या भाकऱ्या करून घेऊन आली. आज चेष्टा नव्हती. "गजरे, ह्या खेपंला तुमच्या अंगानं आला. फुडच्या खेपंला आमच्या."

प्रल्हाद पुण्याहून आला होता, पाठोपाठ टीव्हीवाले. मी त्याला सगळ्यांदेखत हाक मारली. "प्रल्हाद, हे यंत्र करंजवाडीच्या अंगाला लावायचं. त्यांनी आपले पाइप वाहिले."

"लावू की. पुढच्या पावसाळ्याच्या आत लावू, द्वारकामावशी."

"शब्द?" द्वारका म्हणाली.

"माझा शब्द," मी म्हटलं. प्रल्हादचा शब्द तिने मागितलाच नव्हता.

त्या हिवाळ्यात प्रल्हादचे फोटो पेपरात आले, दिल्लीला सत्कार झाला. वृषाली प्रबंध लिहायला पुण्याला गेली. जाताना बापाच्या दुकानाचा फोन नंबर भिंतीवर कोळशाने लिहून गेली. करंजवाडीकरांनी शिमगा झाल्याझाल्या आपल्या अंगाचे खड्डे खणून तयार ठेवले. द्वारका येता-जाता विचारायची, "कवा येतीय आपली पोर?" मी म्हणायचे, "येतीय."

चैत्रात जीप आली. पांढरी, नवी. प्रल्हादबरोबर कंपनीचा एक माणूस होता, कडक इस्त्रीचा. मागून टेंपोतून एक पांढरीशुभ्र पेटी उतरली. प्रल्हादने गाव गोळा केलं, माजघरातली फळी पुसून घेतली, पेटी मांडली. जुने कॉम्प्युटर तारा ओढून टेंपोत टाकले.

"आई, ओवाळ. तुझ्या हातून सुरुवात."

मी ओवाळलं. कुंकू लावलं, नारळ फोडला. द्वारकाही आली होती, बायांना घेऊन. तिला वाटलं दोन्ही अंगांचं सामान आलं. कंपनीच्या माणसाने कळ दाबली, आणि पेटीतून मीच ओरडले, "उठा रं! डोंगर निघाला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माणूस हसून म्हणाला, "काय अस्सल आवाज आहे आजी. सगळीकडं हाच ठेवणार आहोत."

"कुणाला इचारून?"

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी पेटीला हात लावला. चारी बाजूंनी बंद, कोपऱ्यावर लाखेसारखा लाल ठिपका. "हे उघडतं कुठनं?"

"उघडायचं नाही आजी. सील आहे."

"मग बिघडलं तर?"

"आम्हाला कळवायचं. आमचा माणूस येईल."

"ऐन पावसात? घाट बंद झाल्यावर?"

तो प्रल्हादकडे बघू लागला. प्रल्हाद म्हणाला, "आई, नंतर बोलू."

"वृषाली कुठाय?"

"ती सोडून गेली. तिचं आमचं जमलं नाही."

"अन् करंजवाडीची पेटी?"

प्रल्हादने माझा दंड धरून मला जरा बाजूला घेतलं, पण हळू बोलायची त्याला सवय राहिली नव्हती. "त्यांना ग्रामपंचायतीतर्फे प्रस्ताव पाठवायला सांग. आता हे कंपनीचं उत्पादन आहे. इथलं एक त्यांनी नमुना म्हणून दिलंय. असं दारोदार वाटत सुटता येत नाही."

द्वारका चार पावलांवर उभी होती. तिने हातातला नारळ फळीच्या कडेला ठेवला, पदर सारखा केला आणि बायांना म्हणाली, "चला गं. आपलं हितं काय न्हाई." मला एक शब्दही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदाने झेलल्या असत्या.

जीप गेल्यावर मी पुतण्याला भिंतीवरचा नंबर लावायला सांगितला. पलीकडे वेल्डिंगची चरचर चालू होती.

"कोण? काकू?" चरचर बंद झाली. तीच करत होती.

"पोरी, तू सोडून गेलीस म्हणं."

ती म्हणाली, "पेटी आली का तुमच्याकडं? सुरू केल्यावर काय दिसलं?"

"कंपनीचं लाल चक्र. पाखरू न्हाई. मग आपली रेघ, होती तशीच."

"तीच आहे ती. वरचा रंग बदललाय. आत लिनक्सच आहे काकू, त्याच्यावर माझा प्रोग्रॅम, त्याच्यात गुरुंग मास्तरांची दुरुस्ती. आमची नावं होती ती काढून टाकलीत. सरांनी कंपनीला लिहून दिलंय, हे सगळं सरांनी एकट्यानं केलंय, आणि पुढं कुणाला दाखवायचं नाही."

"अन् तू गप बसलीस?"

"बोलले, म्हणून तर इथं आहे. मी म्हटलं, सर, आपण ज्या अटीवर घेतलं ती अट मोडतोय. सर म्हणाले, ज्यांना खरं काम करायचंय त्यांच्यासाठी असल्या अटी नसतात. प्रबंधावर सही केली नाही. चार वर्षांचं काम आहे, काकू."

"गुरुंगाला ठाऊक हाय?"

"त्यांनीच आधी ओळखलं. सरांना लिहिलं, तुम्ही आमच्याकडून घेऊन कुलूप का घातलंत? सर म्हणाले, उत्तर द्यायची गरज नाही."

मी विचारलं, "करंजवाडीला तू येऊन लावतीस का? खड्डे तयार हायत."

"मी निघालेच होते. जुनी मशीन्स मागितली, ती भंगारात गेली. दुसरी जमवत होते, तर कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. माझ्या नावावर नाही, बाबांच्या दुकानाच्या नावावर. बाबा घाबरलेत." मग ती म्हणाली, "तुम्ही सरांना काही बोलू नका. मला त्यांच्याकडून आता काही नको."

"तुला नको असंल," मी म्हटलं, "मला पायजे."

पण प्रल्हाद फोन उचलेना. उचलला तर त्याच्या ऑफिसातली बाई सांगायची, सर बाहेर आहेत. मी म्हणायचे, मग आत आले की सांगा, आई जिवंत हाय.

आषाढ लागला. पेटी माजघरात हिरवा डोळा मिचकावत बसून होती. पलीकडे करंजवाडीत पाऊस वाढला की बायापोरं शाळेच्या खोलीत झोपायला जात, आणि एक गडी पाळीपाळीने वर भेगेपाशी, इरलं पांघरून, रॉकेलचा रिकामा डबा घेऊन बसे. डोंगर हलला तर डबा बडवायचा. तो बडवायला उरला तर.

आमची चिखलणी झाली. रोपं लावायजोगी झाली. दरवर्षीप्रमाणे याही वर्षी मी निरोप पाठवला नाही; निरोप कधी पाठवावाच लागत नसे. पहिल्या दिवशी मी बांधावर पान-सुपारी घेऊन बसले. ओढ्यापलीकडच्या वावरांत त्यांची लावणी दिसत होती, त्यांची गाणी ऐकू येत होती. इकडे कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्या गावच्या बायांनी ओढ्याकडे बघितलं आणि त्याही घोटाळल्या. ज्या घराची सावड मोडली त्या घरच्या वावरात उतरायचं म्हणजे आपलीही मोडून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी द्वारका ओढ्याच्या काठाने गवताचा भारा घेऊन चालली होती. मी हाक मारली.

"द्वारके."

ती थांबली. भारा उतरवला नाही.

"माझं ल्योकापुढं चाललं न्हाई," मी म्हटलं. आयुष्यात हे वाक्य मी कुणापुढे बोलले नव्हते.

"मला दिसलं की."

"मग माझ्यावर राग कशाचा?"

"राग न्हाई गं गजरे. राग असता तर येऊन भांडले असते." भाऱ्याखालून तिचं तोंड दिसत नव्हतं. "पर माझी माणसं म्हणत्यात, त्यांच्या घरी दिलं की आत जातं, भायेर येत न्हाई. त्यास्नी काय सांगू? म्हातारीचं मन चांगलं हाय म्हणून? मनानं डोंगर थांबतोय व्हय?"

ती गेली.

पुतण्याने पुण्याला कळवलं असावं, काकूचं वावर पडून राहिलंय. दोन दिवसांनी सकाळी टेंपोचा आवाज आला. पाठीमागे दाटीवाटीने उभ्या, कुठूनतरी रोजावर आणलेल्या पंधरा-वीस बाया. पुढे प्रल्हाद, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. या खेपेला त्याने इंजिन बंद करायला लावलं. बायांना वाटलं काम इथंच. त्या उतरून साड्या खोचू लागल्या.

"आई, मला आधी नाही का कळवायचं?" तो बांधावरूनच म्हणाला. "माणसं मिळत नव्हती तर सांगायचं. संध्याकाळपर्यंत लावून होईल सगळं."

मी वावरात उभी होते. "ह्या कोण?"

"मजुरीच्या बाया आहेत. त्यांचं सगळं मी बघितलंय. तुला काही करायचं नाही."

"प्रल्हाद, ओढ्यापलीकडं बघ. काय दिसतंय?"

त्याने बघितलं. करंजवाडीच्या बाया लावणी सोडून उभ्या राहिल्या होत्या. द्वारका मधे, कमरेवर हात.

"त्या आल्या नाहीत म्हणून तू मनाला लावून घेतलंयस का?" तो वैतागला. "आई, जग बदललं. हे सावड वगैरे आता कुठं राहिलंय? आणि त्या पेटीचंही तू उगीच डोक्यात घेऊन बसलीस. ते भंगार किती दिवस चाललं असतं? वृषाली उद्या लग्न करून गेली असती, मग कोण सांभाळणार होतं? कंपनीमुळं ते शंभर गावांत जाईल. फुकटच्या गोष्टीला इथं कोण विचारतं?"

"नेपाळच्या मास्तरानं इचारलं. फुकटच इचारलं."

तो चपापला. मला तो मास्तर ठाऊक असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"वृषालीनं कान भरले तुझे."

"तिनं न्हाई भरले. म्या इचारलं, तिनं सांगितलं. ती मला म्हणाली, सरांना काही बोलू नका. तुझ्याकडनं तिला सहीसुदिक नको झालीय आता."

"तुला यातलं काही कळत नाही आई. लिनक्स काय, प्रोग्रॅम काय..."

"न्हाई कळत. मला चौथीच्या फुडं कोण शिकवणार होतं? तू सांग. मला एवढंच सांग, त्या पेटीतलं तुझं किती अन् दुसऱ्याचं किती?"

त्याने तोंड उघडलं. मजुरीच्या बाया मुठीत रोपं धरून आमच्याकडे बघत होत्या.

"तसं मोजता येत नाही," तो म्हणाला.

"व्हय. सावडीतही मोजत न्हाईत. म्हणूनच कुणी एकट्याच्या नावावर करत न्हाई."

"मी आत्ताच्या आत्ता ठरवलं तरी करार मोडता येत नाही, आई. सही झालीय."

म्हणजे त्याला सगळं समजत होतं. तोवर माझ्या मनात कुठेतरी होतं की पोराला कुणी फसवलं असेल, कामाच्या नादात त्याने बघितलं नसेल. चिखल पोटरीपर्यंत होता. मी पाय ओढत बांधाजवळ आले. त्याने मला वर घ्यायला हात पुढे केला. मी तो धरला नाही. आज इतकी वर्षं झाली, ते वावर मी पुन्हा कधी लावलं नाही. पण त्या सकाळी मी त्याला जे बोलले त्यातला एक शब्दही मला परत घ्यावासा वाटलेला नाही. ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशाच आवाजात बोलले.

"ह्या बायांना गाडीत घाल अन् घेऊन जा. त्यांचा काय दोष न्हाई, त्यांचा रोज बुडवू नगंस. माझी रोपं पिवळी पडू देत. तुला मी चोर म्हणायची न्हाई, प्रल्हाद. चोर लपून येतो, कारण त्याला ठाऊक असतं की वस्तू दुसऱ्याची हाय. तू गावापुढं नारळ फोडून घेतलास, अन् तुझ्या आईला ओवाळायला लावलंस. घरी ये, दोन घास वाढीन, आई हाय मी तुझी. लोकांनी इचारलं तर सांगंन, माझा ल्योक पुण्याला मोठा साहेब हाय. ते काय खोटं न्हाई. पर सावडीला बोलवावा असा माणूस तू न्हाईस."